कोयत्याच्या पोरांच्या संगणक वर्गाची व्यवस्था

मी, चांगुणाबाई रखमाजी भिंगारदिवे, वय वर्षे ६२, धंदा पूर्वी दस्त टाइप करणे, हल्ली संगणक शिकवणे, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, आज रोजी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय आणि बऱ्यापैकी रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे.

'रागात' हा शब्द मृत्युपत्रात नसतो हे मला ठाऊक आहे. पाथर्डीला कचेरीबाहेर लिंबाखाली बसून एकतीस वर्षे मी लोकांची खरेदीखते, वाटणीपत्रे आणि मृत्युपत्रे टाइप केली. प्रत्येकात 'राजीखुशीने' असे लिहिले. राजीखुशीने मरणाचा कागद करायला आलेला माणूस मात्र एकही पाहिला नाही. कोणी मुलावर चिडलेला, कोणी सुनेवर, कोणी सख्ख्या भावावर. मी सगळ्यांवरच थोडी थोडी चिडलेली आहे. त्यात नगरच्या डॉक्टरांनी माझ्या छातीच्या तपासणीचा कागद पाहून ज्या तऱ्हेने मान हलवली, ती पाहता आता चालढकल करण्यात अर्थ नाही.

नवऱ्याचे नाव मी लावत नाही. एकोणिसाव्या वर्षी माहेरी परत आले तेव्हा वडील रखमाजी यांनी का आलीस असे विचारले नाही. आठवड्याने मला नगरला नेले आणि टायपिंगच्या क्लासात बसवले. "बोटं चालती ठिव, चांगुणे," ते म्हणाले. "मंग कुनाम्होरं हात पसरायची येळ न्हाई यायची." ते अंगठेबहाद्दर होते. त्यांनी मला दिलेली इस्टेट एवढीच, आणि तिच्यातूनच पुढचे सगळे उभे राहिले.

कलम १. सन १९९४ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात मी सर्व काही माझा भाचा तुषार यास दिले होते. तुषार वाईट मुलगा नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचे वाचून त्याची आई माझ्या नावाने बोटे मोडणार नाही. तो संगणक शिकला तो माझ्याच घरात. आज पाथर्डीत त्याचा स्वतःचा क्लास आहे, गार हवेचे यंत्र आहे, काचेचे दार आहे आणि दारावर पाटी आहे, 'ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी माफक दरात'. माफक म्हणजे तीन महिन्यांचे अडीच हजार. ज्या घरातली पोरे एका वहीत पुढून गणित आणि मागून इतिहास लिहितात, त्या घराला हा दर सांगताना जीभ अडखळायला हवी. मी विचारले, "माफक कुणाला रे?" तो म्हणाला, "आत्या, नगरच्या मानाने." मग नगरच्या माणसाने नगरला शिकावे. पाटीवर ग्रामीण कशाला लिहायचे?

कलम २. माझी स्वकष्टार्जित मिळकत म्हणजे मौजे तिसगाव येथील दोन खोल्यांचे, दगडी भिंतींचे, पत्र्याचे घर. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा (पाणी असल्यास), दक्षिणेस पडीक जागा, उत्तरेस रंगनाथ शिरसाट यांची पिठाची गिरणी. पुढच्या खोलीत वर्ग भरतो, मागच्या खोलीत मी राहते.

उत्तरेच्या सीमेबद्दल थोडे जास्त लिहिणे भाग आहे. रंगनाथची गिरणी सुरू झाली की आमच्या भिंतीकडचे दिवे मंदावतात आणि वर्गातले दोन्ही संगणक बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. पोराने तासभर खपून केलेले काम गेले ते गेले. मी रंगनाथला म्हटले, गिरणी अकरानंतर सुरू कर. तर म्हणाला, "बाई, तुमच्या त्या डब्यात लिव्हलेल्यावर भाकरी थापता येती का?" त्यानंतर आठ महिने मी त्याच्याशी बोलले नाही. ज्वारी डोक्यावर घेऊन पार मढी गावाला दळायला नेली. छातीत पहिली कळ त्याच वाटेवर आली, पण तो दोष मी रंगनाथवर टाकत नाही. मग एक दिवस गिरणी सुरू होण्याआधी भिंतीवर दोन दणके ऐकू आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. आता दणका झाला की पोरे झटकन काम सेव्ह करतात आणि हात मांडीवर घेऊन बसतात. हे शिकवायला मला एकही तास घ्यावा लागला नाही. भांडण मिटले असे मात्र रंगनाथने समजू नये.

कलम ३. सन १९९५ मध्ये मी आयुष्याच्या बचतीतून दोन संगणक घेऊन गावातील विद्यालयाला दान दिले. ते आता माझे नाहीत, त्यामुळे ते कोणाला देण्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो माझ्या मूर्खपणाचा.

दानाच्या दिवशी मोठा समारंभ झाला. आप्पासाहेब म्हणून आमच्याकडचे पुढारी, त्यांनी फीत कापली, नारळ फोडला आणि तिसगाव एकविसाव्या शतकात गेल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक शामकांत निसळ सरांनी त्या खोलीला कुलूप लावले. ते कुलूप तीन वर्षे निघाले नाही. पोरे संगणक शिकली ती खिडकीतून. एकदा मी स्वतः पाहिले. नववी-दहावीची मुले व्हरांड्यात मांडी घालून बसलेली, आत मखमली झाकण गजांतूनच ओढून बाजूला केलेले, आणि सर गजांतून छडी आत घालून दाखवताहेत, "हा मॉनिटर. हा कळफलक. लिहून घ्या." मुलांनी वहीत संगणकाचे चित्र काढून रंगवले होते. एकीने तर त्याला झेंडूची माळही काढली होती, कारण समारंभात तशी होती. रश्मी कानिफनाथ जगधने नावाची दहावीतली मुलगी मला हळूच म्हणाली, "बाई, त्याला हात लावल्यावर शॉक बसतो का वो?"

माझे डोके फिरले. सरांच्या घराण्यात चार पिढ्या शिक्षक. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली पहिली मी. रश्मीच्या घराण्यात पहिली ती. तेव्हा माझ्या मनात काय आले असेल ते या गावात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या पोरांचा हात लागू नये म्हणून कुलूप आहे, असे मी भर चौकात बोलले. तीन अर्ज केले. सर एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा तर मला जास्तच राग आला.

या मे महिन्यात सर निवृत्त झाले. तिसऱ्या दिवशी दानपत्राची नक्कल घेऊन घरी आले आणि म्हणाले, "चांगुणाबाई, यातलं पाचवं कलम वाचा."

मी वाचले. माझ्याच हातचे टायपिंग. 'सदर यंत्रांची मोडतोड झाल्यास संपूर्ण भरपाई मुख्याध्यापक यांनी पदरमोड करून द्यावी.'

हे कलम मी कधी योजून घातलेच नव्हते. इंजिने, मोटारी, मळणीयंत्रे भाड्याने देण्याच्या कागदात ते वर्षानुवर्षे टाइप केले होते. दानपत्र करताना बोटे आपोआप तिकडे गेली. चालती ठेवलेली बोटे ती.

"मला दोन मुली, पगार एक," सर म्हणाले. "एकेका यंत्राची किंमत ऐकली आणि मी कुलूप आणलं."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"देणगी देणाऱ्याला कागद चुकलाय म्हणून कसं सांगायचं? त्यातून तुमचा कागद. तालुक्यात सगळे म्हणतात, बाईंच्या कागदात चूक नसते."

सरांचा राग येईना आणि स्वतःचा आवरेना, अशी माझी गत झाली. जूनमध्ये पुरवणी लेख करून ते कलम काढले, कुलूप उघडले. एक संगणक सुरू झाला. दुसऱ्याच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. तीन वर्षांत दहावी होऊन गेलेली मुले काही परत येत नाहीत. मी आरोप चौकात केला होता आणि माफी सरांच्या ओसरीवर मागितली. हे बरोबर झाले नाही. म्हणून येथे लिहून ठेवते की शामकांत निसळ यांच्यावर मी केलेला आरोप खोटा होता, आणि हे कलम माझ्यामागे चौकात मोठ्याने वाचावे.

कलम ४. विद्यालयातले कुलूप निघेना, तेव्हा सन १९९६ मध्ये मी कानातले विकून जुने दोन संगणक आणले आणि पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला. तो पुढे कोणीही चालवला तरी नियम तेच राहतील.

वर्गाचे वर्ष कोयत्याप्रमाणे धरावे. आमच्याकडची माणसे दसरा झाला की ऊस तोडायला कारखान्यावर जातात ती चैत्र-वैशाखात परत येतात. पोरेही बरोबर जातात. म्हणजे हातात जेमतेम पाच महिने. बाकी सगळीकडे शेकडा ऐंशी हजेरी मागतात. ज्याने हा नियम काढला त्याने एक हंगाम कारखान्यावर काढून दाखवावा. आमच्याकडे गैरहजेरी लावू नये. आलेल्या पोराला 'कुठे होतास' असे विचारू नये, ते सगळ्यांना माहीत असते.

फी महिना दहा रुपये. नसल्यास नाही.

पोराच्या हातून काही मोडले तर भरपाई घेऊ नये, ओरडूही नये. मोडलेली वस्तू उघडून आत काय आहे ते सगळ्यांना दाखवावे. माऊसमधला गोळा आमच्याकडच्या प्रत्येक पोराने हातात घेऊन पाहिलेला आहे.

पाच महिने शिकायचे आणि सात महिने विसरायचे, याचा मला किती वैताग आला ते लिहून सांगता येणार नाही. दर मे महिन्यात पुन्हा बटणापासून सुरुवात. कधी कधी वाटायचे, आपण तीन वर्षे एकच धडा शिकवतो आहोत. त्यात वीज दिवसातून सहा तास. मग मी साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, त्यावर कळफलक आखला, आणि जाताना प्रत्येकाला एक दिला. कारखान्यावर पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, बसून बोटे चालवायची. बहुतेकांचे पुठ्ठे चुलीत गेले, आणि त्यांना मी दोष देत नाही. पहाटे उठून मोळ्या बांधणाऱ्याला पुठ्ठा आधी आठवणार की सरपण? पण सत्त्याण्णवच्या वैशाखात रश्मी परत आली, बोटांची पेरे सुजलेली, आणि बसल्या बैठकीला न बघता पानभर मजकूर टाइप केला. मी विचारले, हे कसे जमले?

"रोज लिव्हायचे, बाई," ती म्हणाली. "काय लिव्हलं ते दिसत नव्हतं. म्हून चूक बी दिसत नव्हती."

ती आता एकोणीस वर्षांची आहे. गेल्या हंगामाला ती कारखान्यावर गेली नाही, मी जाऊ दिली नाही. नवीन पोरांना तीच शिकवते. माझ्यापेक्षा बरे शिकवते, कारण तिला चिडता येत नाही.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर कलम २ मधील घर आणि दोन्ही संगणक रश्मी कानिफनाथ जगधने हिला मिळावेत व तिने वर्ग चालवावा.

कारण असे की मागच्या महिन्यात तुषार आला होता. म्हणाला, "आत्या, ही खोली मला दे. सहा मशीन टाकतो, सर्टिफिकेट देतो, तुझं नाव मोठं करून लावतो." मी म्हटले, कोयत्याच्या पोरांचे काय? "त्यांना धरून क्लास चालत नाही गं. निम्मं वर्ष बॅच रिकामी." मी म्हटले, मग निम्मे वर्ष तू रिकामा बस. तो हसला. त्याचे एक बरोबर आहे, तेही लिहिते. आमच्या वर्गाचे सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही म्हणून आमच्या दोन मुलांना नोकरी नाकारली गेली. टाइप करून दाखवतो म्हणाले, तर कोणी यंत्रापुढे बसू दिले नाही. याचा इलाज मला सापडला नाही. तुषारला सापडला आहे, पण तो अडीच हजारांचा आहे.

कलम ६. माझा मराठी टाइपरायटर तुषारला द्यावा. त्याची 'क्ष'ची कळ अडकते, दोनदा मारावी लागते. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावा. पुण्यानुमोदनाच्या सभेला आप्पासाहेबांना बोलू देऊ नये. एकविसावे शतक यायला अजून अवकाश आहे, त्यांनी ते तिसगावात एकदा आणून झाले आहे.

येथवरचा मजकूर सकाळी लिहिला. पुढचा दुपारचा आहे.

सही करण्याआधी रश्मीच्या आईला, बनुबाईला, बोलावून कलम ५ वाचून दाखवावे असे मी ठरवले. ठरवण्यामागे कारण होते. रश्मीचे लग्न येत्या शनिवारी धरले आहे. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, तिलाच एक कोयता म्हणतात. एकट्या पोराला मुकादम घेत नाही. म्हणून ट्रक निघण्याआधी घाईघाईने जोड्या जमवतात. शनिवारी लग्न, पुढच्या गुरुवारी ट्रक. मला वाटले होते, पोरीच्या नावाने घर लिहिलेले ऐकले की बनुबाई हे लग्न मोडेल. मी कलम मोठ्या तोऱ्यात वाचले. रश्मी दारात उभी होती.

बनुबाईने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजी कवा मिळनार?"

"माझ्या मरणानंतर."

"आन तुमी कवा मरनार?"

डॉक्टरांनीसुद्धा या प्रश्नाला बगल दिली होती.

"ते मला काय ठाऊक, बनुबाई?"

"मंग शनवारी मान्सं येत्याल त्यान्ला काय सांगू? बाई मरस्तवर थांबा म्हनू?" तिचा आवाज चढला. "आमाला का हौस हाय व्हय? पोरगी तुमच्या खोलीत बसून लोकाची पोरं शिकिवती. खोली तुमची, डबं तुमचं. उद्या तुमचं काय बरं-वाईट झालं तर भाचा कागद काढील, भांडन करील. कोर्टात जायला आमी कोन? तवा हिचं वय निगून गेल्यालं आसल. नुसत्या हुशारीवर पोरगी कशी ठिवू मी घरात, तुमीच सांगा."

तिचा शब्द न् शब्द खरा होता. मी रश्मीला विचारले, "तुझं काय म्हणणं आहे?"

ती चौकटीला नख लावत उभी होती. मी समजले, रडेल. रडली नाही. म्हणाली, "मला न्हाई जायाचं. पर बाई, आजपासून चालू हुईल आसा कागद न्हाई का कुटला?"

आहे. असा कागद आहे, आणि तो मी शेकड्याने टाइप केलेला आहे. पोटच्या पोरांसाठी, दत्तकासाठी, देवळासाठी. मरणाच्या विचारात मी इतकी गुंतले होते, की जिवंत माणसाला देता येते हे एकतीस वर्षे कागद करणाऱ्या बाईला कोपीत राहिलेल्या मुलीने सांगावे लागले.

कलम ७. सबब वरील कलम ५ मी काट मारून रद्द करीत आहे. काट एकच रेघ आहे, खालचा मजकूर वाचता येतो, आणि काटेवर माझी सही आहे. माझ्या हातच्या कागदातली ही पहिली खाडाखोड. उद्या बुधवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने रश्मी व बनुबाई यांना घेऊन मी पाथर्डीला जाणार आणि दुय्यम निबंधकांपुढे घराचे व दोन्ही संगणकांचे बक्षीसपत्र रश्मीच्या नावे करून देणार. ताबा उद्याच. मला मरेपर्यंत मागच्या खोलीत राहू द्यावे, एवढी एकच अट घालीन. तुषारने हरकत घेऊ नये. घर माझ्या कष्टाचे आहे, आणि देणारी अजून त्याच्याशी भांडायला जिवंत आहे.

बनुबाईने हेही ऐकून घेतले. मग पदर खोचून उठली. "शनवारी सांगते त्यान्ला," ती म्हणाली. "पोरगी आता घराची मालकीन हाय. नवरदेवाला पायजेल आसल तर त्यानं हितं यावं, आन दहा रुपये फी भरून शिकावं."

उद्या रात्रीच्या आत छातीने दगा दिला, तर कलम ५ रद्द झाले आणि बक्षीसपत्रही झाले नाही, अशी पंचाईत होईल, हे मला दिसते आहे. तेवढ्यापुरते लिहिते की उद्या पाथर्डीहून परत येईपर्यंत कलम ५ जिवंत समजावे. त्यानंतर या मृत्युपत्रात द्यायला फक्त एक टाइपरायटर उरेल. माझ्या मरणाची वाट पाहावी असे या घरात कोणासाठीही काही उरणार नाही.

लिहून ठेवणार: चांगुणाबाई रखमाजी भिंगारदिवे (सही)

आम्हां दोघांसमक्ष व एकमेकांसमक्ष बाईंनी वाचून, समजून सही केली.

साक्षीदार
१. शामकांत निसळ, निवृत्त मुख्याध्यापक, तिसगाव (सही). कलम ३ चौकात वाचू नये अशी माझी विनंती आहे. बाईंनी ती अमान्य केली आहे.
२. रंगनाथ शिरसाट, गिरणीवाले, तिसगाव (सही). गिरणीचा मजकूर मान्य नाही, बाकी बरोबर. सकाळच्या एस.टी.ला बाईंची पिशवी मी नेईन.

ठिकाण: तिसगाव
तारीख: ६ ऑक्टोबर १९९८, मंगळवार